पोह्यांचा ट्रे कोणाच्या हातात? क्विअर कला आणि तिचा शृंगार, सोप्या भाषेत

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सीमाशुल्क विभागाने अडवून ठेवलेल्या सात कलाकृती सोडून देण्याचा आदेश दिला. फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी या दोन नामवंत भारतीय चित्रकारांच्या या कलाकृती परदेशातील लिलावांत विकत घेतलेल्या होत्या आणि मुंबईत उतरताच त्या अश्लील ठरवून जप्त झाल्या होत्या. चित्रात नग्नता किंवा रतिक्रीडा दिसली म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

नागपुरातल्या धरमपेठेतल्या आमच्या वाचनालयात या बातमीवर बराच वेळ चर्चा झाली. एक निवृत्त शिक्षक शांतपणे ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, ‘‘नग्न चित्रांचं मी एक वेळ समजू शकतो हो. पण आजकाल ती ‘क्विअर कला’ म्हणतात, ती काय भानगड आहे, हे कोणी सरळ सांगतच नाही ना बाप्पा!’’ काकांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि तक्रारही खरी होती, कारण या विषयावरचे बहुतेक लेखन एकतर जाणकारांनी जाणकारांसाठी केलेले असते, नाहीतर घाईघाईने निषेध उरकणारे असते. हा लेख त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिला आहे.

आधी तीन शब्द

‘क्विअर’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ विचित्र किंवा चमत्कारिक. समलिंगी माणसांना हिणवण्यासाठी तो अनेक दशके शिवीसारखा वापरला गेला. १९९०च्या सुमारास अमेरिकेतील कार्यकर्त्यांनी तोच शब्द उचलून स्वतःच्या नावासारखा मिरवायला सुरुवात केली. आज समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी आणि स्त्री-पुरुष या दोन कप्प्यांत न मावणाऱ्या सर्वांसाठी मिळून तो वापरला जातो.

दुसरा शब्द सौंदर्यदृष्टी. एकाच दुकानातून आणलेल्या मसाल्याचा रस्सा दोन घरांत दोन चवींचा होतो आणि त्याला आपण ‘हाताची चव’ म्हणतो. चित्रकाराने रंग कोणते घेतले, कोणाला मध्यभागी उभे केले, कोणाला अर्धवट अंधारात ठेवले, काय सांगितले आणि काय गाळले, यांतून जी चव तयार होते ती त्याची सौंदर्यदृष्टी.

तिसरा शब्द आपल्या घरचाच आहे, शृंगार. भरताच्या नाट्यशास्त्रात तो रसांमध्ये पहिला येतो आणि त्याचे दोन प्रकार मानले जातात. दोघे एकत्र असतात तो संभोगशृंगार आणि दोघांची ताटातूट झालेली असते तो विप्रलंभ. नागपूरकरांना विप्रलंभाचे उदाहरण लांब शोधायला नको. पत्नीपासून वर्षभरासाठी दूर झालेला कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर राहत होता, तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे परंपरा मानते. मेघदूतात यक्षाची पत्नी यक्षाजवळ एकदाही येत नाही, तरीही ते काव्य शृंगाराचेच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण क्विअर कलेतला बराचसा शृंगार या जातीचा आहे, आणि ‘शृंगार म्हणजे उघडे अंग’ असे समीकरण मनात धरून गेलेल्या प्रेक्षकाला तो दिसतच नाही.

कोण पाहतो आणि कोणाला पाहिले जाते

आपल्याकडचा मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आठवून पाहा. मुलाकडची मंडळी सोफ्यावर बसलेली असतात. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन येते, नजर खाली ठेवते, आणि खोलीतले सगळे तिच्याकडे पाहतात. मुलगाही त्या खोलीत असतो, पण तो ‘पाहणारा’ असतो. तो कसा बसला, त्याचे खांदे कसे आहेत, तो हसतो कसा, यांवर तिने बोलावे अशी अपेक्षा नसते. युरोपीय तैलचित्रांपासून आपल्या कॅलेंडरांपर्यंत चित्रकलेचा मोठा भाग याच बैठकव्यवस्थेवर उभा आहे. पाहणारा पुरुष गृहीत धरलेला आणि पाहिली जाणारी स्त्री मांडलेली. समीक्षक याला ‘पुरुषी नजर’ म्हणतात.

क्विअर कलावंत ही बैठक मोडतो. पुरुष पुरुषाकडे, स्त्री स्त्रीकडे, किंवा ज्याची ओळख लोकांना लावताच येत नाही असा माणूस थेट आपल्याकडे पाहू लागतो, आणि ट्रे कोणाच्या हातात असावा हेच ठरेनासे होते. अशा चित्रासमोर प्रेक्षकाला जे अवघडलेपण वाटते, त्याचे कारण पुष्कळदा नग्नता नसते. आजवर आपण निवांतपणे पाहणाऱ्याच्या खुर्चीत बसलो होतो आणि ती खुर्ची कोणीतरी हलवली, हे त्याचे कारण असते. मला स्वतःला हे समजायला बरीच वर्षे लागली आणि एकदा समजल्यावर कॅलेंडरातल्या लक्ष्मीकडेही मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

वाड्यातल्या खुणा

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत वीस-पंचवीस माणसे एकत्र राहत. नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला चारचौघांत एकमेकांशी बोलण्याची सोय नव्हती. मग बांगड्यांचा आवाज, मुद्दाम काढलेला खोकला, माजघराच्या दारात क्षणभर रेंगाळणे, अशी एक खुणांची भाषा तयार होई. ज्याला माहीत त्याला सगळे कळे आणि बाकीच्यांच्या लेखी काहीच घडलेले नसे.

ज्या समाजात समलिंगी प्रेम हा गुन्हा होता, तिथल्या कलावंतांनी अशीच खुणांची भाषा घडवली. त्यात पाठमोरी आकृती येते, अर्धी उघडी खिडकी येते, दोन रिकाम्या खुर्च्या येतात.

याचे सर्वात बोलके भारतीय उदाहरण म्हणजे १९५३ साली दिल्लीत जन्मलेले आणि पुढे कॅनडा व इंग्लंडमध्ये राहिलेले सुनील गुप्ता यांची ‘एक्झाइल्स’ ही छायाचित्रमालिका. १९८६-८७च्या सुमारास त्यांनी दिल्लीत इंडिया गेट, हुमायूनची कबर अशा सर्वांच्या ओळखीच्या ठिकाणी समलिंगी पुरुषांची छायाचित्रे घेतली आणि त्यांच्याखाली अशा पुरुषांच्या बोलण्यातली वाक्ये छापली. मागे सहलीच्या फोटोत असते तशीच वास्तू असते, पण समोरच्या माणसाचा चेहरा पुष्कळदा वळलेला किंवा चौकटीबाहेर गेलेला असतो. एरवी छायाचित्रकार चेहरा सुंदर दिसावा म्हणून प्रकाश जुळवतो. इथे चेहरा ओळखू येऊ नये म्हणून जुळवाजुळव केली आहे आणि त्या दडवण्यातूनच चित्राला देखणेपण आले आहे. हा आपल्या काळातला विप्रलंभ आहे. यात प्रियकर दूर गेलेला नाही, तो शेजारीच बसला आहे, फक्त त्याच्याकडे उघडपणे पाहता येत नाही.

सज्जातला माणूस

भारतीय क्विअर कलेची चर्चा भूपेन खक्कर यांच्याशिवाय होऊ शकत नाही. १९३४ साली मुंबईत जन्मलेले खक्कर व्यवसायाने सनदी लेखापाल होते. १९६२ मध्ये ते बडोद्याला गेले, तिथे एका कारखान्यात हिशेब सांभाळत त्यांनी चित्रकला केली आणि २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. सुरुवातीला त्यांनी शिंपी, न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर अशा माणसांना कॅनव्हासवर आणले. तोवर अशा माणसांना चित्राचा नायक होण्याचा मान फारसा मिळत नव्हता. दुर्लक्षित माणसाकडे प्रेमाने पाहण्याची सवय त्यांच्या हाताला आधीच लागली होती, आणि माझ्या मते त्यांचे पुढचे धाडस त्या सवयीतूनच आले.

१९८१चे त्यांचे ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्यात एक माणूस विवस्त्र होऊन आपल्या घराच्या सज्जात उभा आहे. तो जवळपास खऱ्या माणसाएवढा मोठा रंगवला आहे. तो आपल्याकडे पाहत नाही, खाली गावाकडे पाहतो. आणि खाली काय चालले आहे? आपण शाळेत वाचलेली बापलेक आणि गाढवाची गोष्ट. लोक नावे ठेवतात म्हणून कधी बाप गाढवावर बसतो, कधी मुलगा, आणि एवढे करूनही कोणाचेच समाधान होत नाही. जुन्या भित्तिचित्रांत किंवा पोथीतल्या चित्रांत असतात तशी तीच पात्रे एकाच चित्रात पुन्हा पुन्हा येतात.

आता त्या नग्नतेचा अर्थ लावून पाहा. तो माणूस कोणाला मोहात पाडण्यासाठी उघडा नाही. लोकांच्या बोलण्याला घाबरून कपडे घालण्याचे त्याने थांबवले आहे. आयुष्यभर ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याखाली राहिलेल्या माणसाने, आईच्या निधनानंतरच्या त्या काळात, ती बालगोष्ट निवडावी आणि स्वतःला तिच्या वरच्या मजल्यावर उभे करावे, हे मला फार हलवून जाते. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही या चित्राच्या समजुतीसाठी परदेशी सिद्धान्ताची गरज नाही.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, त्यांनी ‘टू मेन इन बनारस’ रंगवले. गडद निळ्या पार्श्वभूमीवर दोन विवस्त्र पुरुष एकमेकांना मिठीत घेऊन उभे आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला बनारसचे रोजचे जीवन छोट्या छोट्या दृश्यांत चालू आहे. त्यातला एक पुरुष पांढऱ्या केसांचा आहे. तरुण, पीळदार शरीरांच्या कामुक चित्रांची आपल्याला सवय असते. इथे उतारवयातल्या, सुटलेल्या शरीराला इच्छा असू शकते असे सांगितले आहे, आणि चित्रातली सर्वात धीट गोष्ट मला हीच वाटते. २०१९ मध्ये हे चित्र लंडनच्या लिलावात पंचवीस लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले.

शरीर नसलेला शृंगार

काकांना मी दुसरे उदाहरण सांगितले ते खाऊच्या गोड गोळ्यांचे. क्यूबात जन्मलेले अमेरिकी कलावंत फेलिक्स गोन्झालेझ-टॉरेस यांनी १९९१ मध्ये एक मांडणशिल्प केले, म्हणजे वस्तू खोलीत विशिष्ट प्रकारे मांडून केलेली कलाकृती. कलादालनाच्या कोपऱ्यात चकचकीत रंगीत कागदांत गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग असतो. त्याचे ठरलेले वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. येणाऱ्या प्रत्येकाने त्यातली एक गोळी उचलावी, खावी, खिशात टाकावी. ढीग कमी कमी होत जातो आणि तो पुन्हा भरता येतो.

शीर्षकाच्या कंसात लिहिले आहे की हे रॉसचे व्यक्तिचित्र आहे. रॉस हा कलावंताचा जोडीदार होता आणि त्याच वर्षी तो एड्सने गेला. ७९ किलो हे तो निरोगी असतानाचे वजन, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. हे कळल्यावर हातातली गोळी जड होते. आजाराने दिवसेंदिवस उतरत गेलेले एक शरीर तुमच्या जिभेवर गोड विरघळत असते आणि त्या शरीराच्या झिजेत तुमचाही हात लागलेला असतो. एड्सच्या त्या वर्षांत अशा रुग्णाला स्पर्श करायलाही लोक घाबरत होते, हे लक्षात घेतले तर परक्या माणसांना ‘घ्या, तोंडात टाका’ म्हणण्यामागचे धैर्य कळते. यात नग्नता नाही, माणसाची आकृतीसुद्धा नाही, आणि तरीही याहून जवळीक असलेली कलाकृती मला चटकन आठवत नाही.

‘पण हे आपल्या संस्कृतीतले नाही’

हा आक्षेप सर्वात जास्त ऐकू येतो. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आपण भक्तिभावाने ऐकतो. त्यांत एक पुरुष संत विरहिणी स्त्रीच्या आवाजात आपल्या प्रियकरासाठी, म्हणजे परमेश्वरासाठी, झुरतो. नागपूर-भंडाऱ्याकडच्या खडी गंमत या लोकनाट्यात स्त्रीची भूमिका पुरुष नाच्या करत आला. बालगंधर्वांचे नेसणे-वागणे पाहून घरंदाज स्त्रिया आपले नेसणे सुधारत. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी मार्कंडा येथे जी देवळे आहेत, त्यांच्या भिंतींवर मिथुनशिल्पे आहेत. दुसरीकडे, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ हे १८६० च्या दंडसंहितेतून, इंग्रजी राजवटीकडून आले.

मात्र इथे सावध राहायला हवे, कारण आपल्या बाजूची माणसेही या मुद्द्यावर फार लवकर खूश होतात. विराणीतला भाव आध्यात्मिक आहे, तिला आजच्या अर्थाने क्विअर म्हणणे हा तिच्यावर अन्याय ठरेल. मार्कंड्याच्या शिल्पांवरून त्या काळी समलिंगी माणसे सुखाने राहत होती, असे सिद्ध होत नाही. आणि नाच्याला फडावर शिट्ट्या मिळत, पण फड उठल्यावर गावात त्याच्या वाट्याला टिंगलच येई. परंपरेतून एवढेच ठरते की लिंगभाव हा पोशाखासारखा नेसता-सोडता येतो आणि शृंगार उघडपणे कोरता-गाता येतो, या दोन गोष्टी मराठी डोळ्यांना नव्या नाहीत.

कलावंत तेजल शाह यांनी २००६ मध्ये हाच धागा पकडला. त्यांनी तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःचे कोणते रूप पाहायला आवडेल असे विचारून त्यांच्यासोबत छायाचित्रे घडवली. त्यातल्या एका छायाचित्रात राजा रविवर्म्याच्या धर्तीवर यशोदा आणि कृष्ण आहेत, आणि यशोदेच्या जागी एक हिजडा आहे. रविवर्म्याच्या छापील तसबिरी आपल्या आजी-पणजीच्या भिंतींवर होत्या, म्हणून हे छायाचित्र पाहताना ओळख आणि धक्का एकाच वेळी जाणवतात. त्या व्यक्तीने मागितले काय, तर आई होणे. क्विअर कला म्हणजे केवळ कामवासना, असे समजणाऱ्याने हे एक चित्र आवर्जून पाहावे.

‘मग अश्लील कशाला म्हणायचे?’

कायद्यात अश्लीलतेसाठी जुन्या दंडसंहितेचे कलम २९२ होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ आहे. कला, साहित्य, विज्ञान यांच्या दृष्टीने लोकहिताची असलेली निर्मिती आणि देवळांतील शिल्पे यांना त्यात अपवाद आहे. पूर्वी न्यायालये १८६८ च्या एका इंग्रजी खटल्यातली कसोटी लावत. एखादा सुटा भाग सहज बिघडू शकणाऱ्या मनावर काय परिणाम करेल, हे त्यात पाहिले जाई. म्हणजे सावजी रश्श्यातली एकटी मिरची चघळायची आणि अख्खा रस्सा फेकून द्यायचा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी बाजूला ठेवली आणि चित्र त्याच्या संदर्भासह, आजच्या समाजाच्या मापाने पाहावे असे सांगितले.

प्रत्यक्षात गोष्टी इतक्या सरळ होत नाहीत. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात पदमसींच्या एका चित्रात पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता, म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी त्याच चित्रकाराच्या कलाकृतींसाठी पुन्हा न्यायालयात जावे लागले. २०१२ मध्ये दिल्लीत सुनील गुप्तांचे प्रदर्शन नग्नतेच्या तक्रारीवरून पोलिसांनी बंद पाडले होते. स्त्री-पुरुषाच्या मिठीला जिथे इतका वेळ लागतो, तिथे दोन पुरुषांच्या मिठीला किती लागेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

लहान मुलांचे काय, असेही विचारले जाते. दालनाच्या दारावर वयाची सूचना लावणे योग्यच आहे आणि जबाबदार दालने ती लावतात.

‘खासगी गोष्ट भिंतीवर कशाला?’

काका इथे जरा अडले होते. ‘‘ज्याचं त्याच्या घरात असू द्या की,’’ ते म्हणाले. मी त्यांना वाचनालयातून बर्डीच्या बाजारापर्यंतचा रस्ता आठवायला सांगितला. साड्यांच्या दुकानांवर नवरा-नवरीचे फलक, दागिन्यांच्या जाहिरातीत एकमेकांच्या डोळ्यांत पाहणारे जोडपे, मंगल कार्यालयाच्या दारात फुलांनी लिहिलेली दोन नावे. स्त्री-पुरुषाचे प्रेम चोवीस तास चव्हाट्यावर असते आणि ते इतके सवयीचे झाले आहे की आपल्याला ते दिसतही नाही. दुसऱ्या कोणी तेवढीच जागा मागितली की मगच आपल्याला खासगीपणाची आठवण होते.

शिवाय ज्यांना ‘घरात असू द्या’ म्हणतो, त्यांना घर तरी कुठे होते? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत सज्ञानांनी संमतीने, बंद दाराआड ठेवलेला संबंधही गुन्हा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. लग्नाचा अल्बम ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांच्यासाठी चित्र हाच अल्बम होतो. लाहोरमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये राहणारे सलमान तूर हिरव्या उजेडात बुडालेल्या खोल्यांत मोबाईल पाहत बसलेले, नाचणारे, एकमेकांच्या खांद्यावर डोके टेकलेले तरुण रंगवतात. त्यांच्या चित्रांत बऱ्याचदा मित्रांनी एकत्र बसण्यापलीकडे काहीच घडत नाही, आणि इतके साधे सुख चित्रात येण्यासाठी एवढी वर्षे जावी लागली.

‘हे सगळे धक्का देण्यासाठीच असते’

काही काम तसे असते, हे मान्य करावे लागेल. क्विअर चळवळीच्या झेंड्यातले इंद्रधनुष्याचे सहा रंग फासले आणि दोन उघडी शरीरे काढली म्हणजे चित्र झाले, असे समजणारे कलावंतही आहेत आणि त्यांचे काम वाईट असेल तर तसे मोकळेपणाने म्हणावे. विषय धाडसी आहे म्हणून कच्च्या रेखाटनाला गुण वाढवून देणे हा त्या विषयाचाच अपमान आहे. खक्करांच्या चित्रासमोर उभे राहिल्यावर प्रश्न तेच विचारावेत जे कुठल्याही चित्राला विचारतो. रंग का असे लावले, माणूस तिथेच का उभा केला, डोळा चित्रात कुठून शिरतो आणि कुठे थांबतो.

नागपुरात गेल्या काही वर्षांत ‘प्राइड’ मोर्चे, म्हणजे क्विअर माणसांचे अभिमानाचे मोर्चे, निघाले आहेत आणि रस्त्यावर हे तरुण चेहरे उघडे ठेवून चालतात. आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकणाऱ्या, मनात हे सगळे बाळगून असलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आपल्या वहीतले चित्र प्रदर्शनात लावावेसे वाटले, तर ते पाहायला जाणारे प्रेक्षकही याच गावातून यायचे आहेत.

चार दिवसांनी मी खक्करांच्या त्या चित्राची एक रंगीत छापील प्रत वाचनालयात नेली. काकांनी चष्मा बदलला, प्रत खिडकीजवळ नेली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सज्जातल्या माणसावर त्यांनी बोट ठेवलेच नाही. ते खालच्या बापलेकांचा माग काढत होते, इथे कोण बसला आहे, इथे कोण चालतो आहे, असे पुटपुटत. मग त्यांचे बोट वर आले आणि त्यांनी विचारले, ‘‘हा माणूस रोज इथे येऊन उभा राहत असेल का हो?’’